मित्राचे अंतर, जेकबचा ग्रह

१६ ऑगस्ट १८६२ रोजी, ऐन पावसाळ्यात, पुण्यात एका निवृत्त इंग्रज कॅप्टनचा मृत्यू झाला. तो मुंबई बंदरात उतरला होता ८ ऑगस्टला. बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती त्यानंतरच्या वर्षी, तेव्हा घाटाची चढण त्याला रेल्वेवाचूनच पार करावी लागली असणार. पुण्यात पोहोचताच तो गेला. वय अठ्ठेचाळीस. ९ इंची भिंगाची एक दुर्बीण त्याने पदरमोड करून विकत घेतली होती. पुण्याकडच्या सुमारे ५००० फूट उंचीच्या डोंगरावर वेधशाळा उभारायची आणि तीन वर्षे तिथे राहून आकाश मोजायचे, असा त्याचा बेत होता. ब्रिटिश पार्लमेंटने त्याच वर्षी या कामासाठी १००० पौंड मंजूर केले होते. ती वेधशाळा झाली नाही.

या माणसाचे नाव विल्यम स्टीफन जेकब. दूरच्या ग्रहांच्या शोधाचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला बहुधा एखादेच वाक्य येते: सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेला पहिला दावा १८५५ मध्ये त्याने केला आणि तो चुकीचा ठरला. हे वाक्य खरे आहे. पण त्यात जेकबची निम्मीच गोष्ट येते. उरलेली निम्मी आपल्या दख्खनच्या पठाराशी आणि आपल्या सूर्याच्या दोन शेजाऱ्यांशी जोडलेली आहे.

या दोन शेजाऱ्यांची आधी ओळख करून घेऊ.

पहिला शेजारी नरतुरंग या तारकासमूहातला सर्वांत ठळक तारा. मराठी तारकापत्रकांत त्याला 'मित्र' म्हणतात. सूर्यनमस्कार घालताना घ्यायच्या सूर्याच्या बारा नावांतले पहिले नावही मित्रच आहे. ताऱ्याचे हे नाव कोणी आणि का ठेवले असेल ते असो, बसले मात्र अचूक. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा हा तारा दुर्बिणीतून दोन दिसतो. त्यातला मोठा तारा रंगाने, तापमानाने आणि जातीने जवळजवळ आपला सूर्यच आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या साधारण १.१ पट आहे. धाकटा थोडा थंड आणि नारिंगी, सूर्याच्या ०.९ पट वस्तुमानाचा. दोघे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. अंतर ४.३७ प्रकाशवर्षे. या कुटुंबातला तिसरा, मंद लाल तारा १९१५ मध्ये रॉबर्ट इनेस यांना सापडला. तो आपल्याला आणखी जवळ, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा हाच.

दुसरा शेजारी भुजंगधारी या तारकासमूहात आहे. त्याला मराठीत स्वतंत्र नाव नाही, तारकायादीत तो 'भुजंगधारी ७०' म्हणून ओळखला जातो. हाही जोडतारा. दोन्ही घटक सूर्याहून लहान, थंड आणि नारिंगी, पण सूर्यासारखेच स्थिरपणे जळणारे. अंतर सुमारे १६.६ प्रकाशवर्षे, आणि परस्परांभोवतीची फेरी ८८ वर्षांची. अंधाऱ्या गावातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, मात्र तो ओळखायला नकाशा जवळ हवा.

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातून हे दोघे कसे दिसतात ते पाहा. नगर शहराचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. मित्र खगोलीय विषुववृत्ताच्या जवळजवळ ६१ अंश दक्षिणेला आहे. नव्वदातून हे दोन्ही वजा केले की उरतात दहा अंश. म्हणजे हात ताठ समोर धरून मूठ वळली, तर क्षितिजापासून त्या मुठीएवढ्या उंचीवर मित्र येतो, आणि तेवढाच वर येऊन पुन्हा खाली उतरतो. मेअखेरीस रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला मोकळे माळरान असेल तर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात. त्यातला डावीकडचा मित्र. उजवीकडचा दिसायला त्याचा जोडीदार वाटतो, पण तो शेकडो प्रकाशवर्षे दूर आहे. भुजंगधारी ७० मात्र आपल्याकडे थेट ७३ अंशांवर, डोक्यापासून थोडाच खाली येतो.

मित्र लंडनहून किंवा ग्रीनिचहून कधीच दिसत नाही, कारण तो तिथल्या क्षितिजाच्या वर येतच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या उत्तम दुर्बिणी आणि कसलेले निरीक्षक बहुतेक युरोपात होते, आणि आपल्या सूर्याचा सर्वांत जवळचा सोबती त्यांच्या पायाखाली दडलेला होता. त्यासाठी दक्षिणेकडे यावे लागे. मित्र जोडतारा आहे हे प्रथम पाहिले झाँ रिशो या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने, आणि तेही आपल्याच देशातून, १६८९ मध्ये पुद्दुचेरीहून. तो एका धूमकेतूचा वेध घेत असताना ही गोष्ट त्याच्या नजरेला पडली.

जेकब इथे आला तो तारे पाहायला नव्हे. त्याचा जन्म १८१३ चा, इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या एका पाद्र्याच्या घरातला. ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिसकोंब येथील सैनिकी विद्यालयात शिकून तो १८३१ मध्ये मुंबईत उतरला, मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर पलटणीत. त्यानंतरची काही वर्षे गेली ती हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात. लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेले हे काम. आपल्या पठारावरही त्याचे जाळे पसरले. बिदरच्या पायारेषेपासून मुंबईकडे त्रिकोणांची जी मालिका आली, ती आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातूनच गेली. सर्वेक्षणाच्या कागदपत्रांत 'खानपिसुरा' या नावाने येणारे ठाणे या टापूतले. तिथून उत्तरेकडे निघालेली त्रिकोणांची मालिका याच नावाने ओळखली जाते.

या कामाची रीत शाळकरी मुलाला समजेल इतकी सोपी आहे. एक पायारेषा साखळीने जपून मोजायची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहायचे आणि कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन हाती आले की टेकडीवर पाऊल न ठेवता तिचे अंतर सांगता येते. नदी न ओलांडता तिचे पात्र मोजण्याचीही हीच युक्ती.

ताऱ्याचे अंतर मोजायची युक्ती वेगळी नाही. फक्त पायारेषा मोठी लागते. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे सुमारे ३० कोटी किलोमीटर. या दोन टोकांवरून पाहिले की जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्याला पराशय म्हणतात. मित्राचा पराशय पाऊण विकलेचा, म्हणजे पाऊण आर्कसेकंदाचा. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे सात किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन. केप ऑफ गुड होप येथे थॉमस हेंडरसन यांनी १८३२-३३ मध्ये घेतलेल्या वेधांत तो दडलेला होता. त्यांनी निष्कर्ष जाहीर केला १८३९ च्या आरंभी. तोवर, काही आठवडे आधी, जर्मन खगोलज्ञ बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर जाहीर करून पहिला मान मिळवला होता.

ताऱ्यांची अंतरे कळू लागली, आणि अवघ्या तीन वर्षांनी, १८४२ मध्ये, जेकबने पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा थाटली. मधे रजेवर जाऊन, लग्न करून तो १८४५ मध्ये परतला आणि १८४८ पर्यंत पुण्याहून जोडतारे मोजत राहिला. पुढे कॅप्टनचा हुद्दा मिळाल्यावर त्याने सैनिकी नोकरीच सोडली. पुण्याच्या वेधांची त्याची यादी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने छापली. तीत २४४ जोडतारे आहेत. वृश्चिकेतला एक जोडतारा प्रत्यक्षात तिहेरी असल्याचे त्याने १८४७ मध्ये पाहिले. मित्राच्या दोन घटकांची परस्परांभोवतीची कक्षा गणिताने मांडण्याचा प्रयत्न करणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत तो होता. पुण्याच्या क्षितिजावर जेमतेम अकरा अंश वर येणारा तारा तो! एवढ्या खाली हवेचा थर जाड असतो आणि ताऱ्याचे बिंब पाण्यातल्या दिव्यासारखे थरथरते. तरी तो मोजायचा, कारण ग्रीनिचला तो दिसतच नव्हता.

जोडताऱ्याची कक्षा कळल्याने काय साधते? इथे थोडे गणित करू, फार नाही. केप्लरचा नियम असा: दोन ताऱ्यांमधल्या सरासरी अंतराचा घन भागिले फेरीच्या काळाचा वर्ग, म्हणजे दोघांचे मिळून वस्तुमान. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत, काळ वर्षांत, वस्तुमान सूर्याच्या पटीत घ्यायचे. मित्राच्या दोन घटकांमधले सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २३.५ पट, काळ सुमारे ८० वर्षे. २३.५ चा घन साधारण १२,९८०. ८० चा वर्ग ६,४००. भागाकार दोनच्या आसपास. म्हणजे दोन्ही मिळून दोन सूर्य. तागडी नाही, वजन नाही, आणि चार प्रकाशवर्षांवरचे दोन सूर्य तोलून झाले.

मित्राचे खगोलशास्त्रातले महत्त्व यात आहे. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो खरे, पण हाती एकच शीत असेल तर ते सगळ्या भातासारखे आहे की नाही हे ठरवणार कसे? ताऱ्यांच्या अंतरंगाविषयीचे आपले बहुतेक ज्ञान सूर्याला समोर ठेवून बेतलेले. ते अन्यत्र लागू पडते का, हे तपासायला वस्तुमान, अंतर आणि तेज नेमके माहीत असलेला दुसरा सूर्य हवा. मित्राने तो पुरवला. २००१ मध्ये त्याच्या मोठ्या घटकाच्या पृष्ठभागाची स्पंदने मोजली गेली. भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीचे पोट कळावे, तसे या स्पंदनांवरून ताऱ्याचे पोट कळते. ताऱ्यांच्या रचनेची गणिते या शेजाऱ्यावर घासून पाहता आली.

जेकब १८४८ च्या डिसेंबरात मद्रास वेधशाळेचा संचालक झाला. १८५० मध्ये पॅरिसच्या लेरेबूर यांनी घडवलेली सहा इंचांहून थोड्या मोठ्या भिंगाची दुर्बीण तिथे आली. तिच्यातून त्याने २५० जोडताऱ्यांची ९९८ मोजमापे केली. शनीचे अंधुक कडे पारदर्शक असल्याचे त्याने १८५२ मध्ये टिपले. जवळजवळ त्याच सुमारास इंग्लंडच्या लॅसेल यांनीही ते टिपले होते. प्रकृती मात्र साथ देत नव्हती. १८५४-५५ मध्ये त्याला आजारपणाच्या रजेवर मायदेशी जावे लागले.

याच काळात भुजंगधारी ७० त्याच्या डोक्यात घर करून होता. हा जोडतारा आहे हे विल्यम हर्शेल यांनी १७७९ मध्ये पाहिले होते. तेव्हापासूनची पाऊणशे वर्षांची मोजमापे जेकबने एकत्र मांडली. धाकटा तारा न्यूटनच्या नियमाप्रमाणे लंबवर्तुळात फिरायला हवा, पण मोजमापे लंबवर्तुळाच्या रेषेवर नीट बसेनात. कधी अलीकडे, कधी पलीकडे, आणि त्यात जणू काही ताल होता. १८५५ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने लिहिले की या जोडीत न दिसणारा एखादा ग्रहासारखा पिंड असणे बरेच संभवनीय आहे. 'सिद्ध झाले' असा सूर त्याने लावला नाही. पण न्यूटनचे गुरुत्वाकर्षण तारकांच्या राज्यातही न दिसणाऱ्या जगांचा माग लावून देऊ शकते, हा विचार आकडेवारीच्या आधारे मांडला गेला तो इथे.

पुढे काय झाले? १८९६ मध्ये अमेरिकेतल्या टी. जे. जे. सी या खगोलज्ञाने जेकबचीच तक्रार नव्या आकड्यांनिशी मांडली आणि एका काळोख्या सोबत्याची कक्षाही काढून दाखवली. १८९९ मध्ये फॉरेस्ट रे मोल्टन यांनी दाखवून दिले की असा सोबती त्या जागी टिकूच शकणार नाही, दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत तो लवकरच भिरकावला जाईल. १९४३ मध्ये पुन्हा एक दावा झाला, तोही टिकला नाही. आजच्या काटेकोर वेधांतही जेकबच्या किंवा सी यांच्या ग्रहाचा पत्ता नाही. तो 'ताल' कुठून आला होता? डोळा दुर्बिणीला लावून, कोळ्याच्या तंतूंचा मोजपट्टीसारखा उपयोग करून घेतलेल्या मोजमापांतून. वेगवेगळे निरीक्षक, वेगवेगळ्या दुर्बिणी, प्रत्येकाच्या डोळ्याची सवय वेगळी. मोजायची तफावत विकलेच्या अंशाची, आणि चूकही तेवढीच.

जेकबविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते बनू शकतात. एक अभिमानाचे: पहिला परग्रह पुण्याच्या माणसाने शोधला! हे खरे नाही. त्याने तो शोधला नाही, आणि दावा केला तेव्हा तो मद्रासच्या वेधशाळेचा होता. दुसरे तुच्छतेचे: चुकला, विषय संपला. माझ्या मते हेही तितकेच उथळ आहे. जेकबचे उत्तर चुकले, पण त्याची पद्धत चुकीची नव्हती. ताऱ्याच्या चालीतला अडखळा मोजायचा आणि त्यावरून अदृश्य सोबत्याचा ठाव घ्यायचा, ही आजही मान्य असलेली रीत आहे. १९९५ मध्ये मायोर आणि केलो यांना सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती, सुमारे ५० प्रकाशवर्षांवर, पहिला पक्का ग्रह सापडला. तोही ताऱ्याच्या डुलण्यावरूनच. फरक इतकाच की त्यांनी ताऱ्याचे आकाशात सरकणे न मोजता त्याच्या प्रकाशातले बदल मोजले. त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या १४० वर्षांत लोकांना शिकावे लागले ते हे, की आपल्या मोजमापातली चूक किती हे आधी ओळखावे, मग आकाशाला प्रश्न विचारावा. जेकबच्या ग्रहाचे खंडन करताना हा धडा पक्का होत गेला.

धडा एकदा शिकून संपत नाही, हे मित्रानेच दाखवले. २०१२ मध्ये त्याच्या धाकट्या घटकाभोवती पृथ्वीच्या वजनाचा ग्रह सापडल्याचे जाहीर झाले आणि जगभर बातम्या झाल्या. २०१५ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासली गेली, तेव्हा तो ग्रह मोजमापांच्या मांडणीतून निर्माण झालेला भास ठरला. जेकबच्या वेळेस हे कळायला अर्धे शतक लागले, या वेळेस तीन वर्षे. २०१६ मध्ये याच कुटुंबातल्या लाल ताऱ्याभोवती ग्रह सापडला, तो मात्र पुढच्या तपासण्यांत टिकला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वेब अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून मित्राच्या मोठ्या घटकाजवळ शनीएवढ्या वजनाचा ग्रह असावा, असे शास्त्रज्ञांनी मांडले. एका वेधात दिसलेला तो ठिपका पुढच्या दोन वेधांत दिसला नाही, म्हणून त्याला त्यांनी 'उमेदवार' म्हटले आहे. या एका सावध शब्दामागे जेकबपासूनची परंपरा आहे असे मला वाटते.

आता त्या न झालेल्या डोंगरी वेधशाळेकडे वळू. जेकबला डोंगर हवा होता तो दाट, धुळीची, थरथरती हवा खाली सोडण्यासाठी. तेव्हा हा विचार नवा होता, आज जगातल्या बहुतेक मोठ्या वेधशाळा डोंगरांवर आहेत. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण १८५० फुटांवर, तेव्हा ५००० फूट म्हणजे सह्याद्रीचे उंच माथे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात आहे, सुमारे ५४०० फूट. त्यावरून या उंचीची कल्पना यावी. जेकबनंतर पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा झाली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती वाढवली, २० इंची आरशाची दुर्बीण आणली. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. सह्याद्रीच्या कुशीत मोठी दुर्बीण उभी राहायला २००६ साल उजाडले: जुन्नरकडच्या गिरवलीची आयुकाची वेधशाळा, २ मीटर व्यासाच्या आरशाची. जेकबच्या मृत्यूनंतर १४४ वर्षांनी.

मद्रासच्या त्या लेरेबूर दुर्बिणीचेही काय झाले हे सांगायला हवे. १८९८ मध्ये डब्लिनच्या ग्रब कंपनीने तिची नव्याने बांधणी केली आणि तिला सूर्याची छायाचित्रे घेण्याच्या कामी लावले. कोडाईकनालच्या टेकडीवर, आकाश मोकळे असेल त्या दिवशी, तिने शतकभर सूर्याचे बिंब टिपले. जेकबने जिच्यातून दुसऱ्यांचे सूर्य मोजले, ती दुर्बीण पुढे आपल्या सूर्याची रोजनिशी लिहू लागली. सूर्यावरच्या डागांचा अभ्यास करणाऱ्यांना आज ती छायाचित्रे हवी असतात. ताऱ्यावरचे असेच डाग ग्रहाचा खोटा भास निर्माण करतात, म्हणून परग्रह शोधणाऱ्यांनाही सूर्याच्या डागांचे वागणे जाणून घ्यावे लागते.

हा अंक हाती येईल तेव्हा दिवाळी असेल. त्या दिवसांत मित्र दिसणार नाही, तो सूर्याबरोबरच दिवसा आकाशात असतो. मात्र भुजंगधारी ७० दिसू शकेल. सांज पुरती ओसरली की पश्चिमेला, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्याच्या जरा खाली, नकाशा धरून शोधावा. तो दिसेल मंदच. त्या वेळी डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश तिथून साडेसोळा वर्षांपूर्वी निघालेला असेल. त्याच्याभोवती ग्रह असतील किंवा नसतीलही. जेकबला वाटले तो नाही, एवढे आता पक्के कळले आहे.